तुम्ही विचारलंत म्हणून: सहा दिवसांत पाच सामने, खरंच?

टेनेसीत इतकी वर्षं काढली आणि शनिवारचे कॉलेज फुटबॉलचे (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आपला पायानं खेळायचा नव्हे) सामने सहसा चुकवले नाहीत, त्यामुळे एक प्रश्न माझ्या वाट्याला ठरलेला आहे. गणपतीच्या आरतीनंतर, दिवाळीच्या फराळाला, कुणाच्या मुलीला जॉर्जिया विद्यापीठात, अथेन्सला, नाहीतर अलाबामा विद्यापीठात, टस्कलूसाला, प्रवेश मिळाला की हमखास: "तुम्ही एवढं बघता, तर सांगा, आजवरचा सगळ्यात भारी कॉलेज संघ कुठला?" विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. अलाबामा की जॉर्जिया, एवढंच माझ्या तोंडून वदवून घ्यायचं असतं. मी म्हणते, "सेवानी, १८९९." मग "कोण?" असं येतं. आणि थोडं सांगितलं की, "सहा दिवसांत पाच सामने? काहीतरीच!"

काहीतरीच नाही. दर वेळी प्लेट हातात धरून अर्धवट सांगितलं जातं, म्हणून आज नीट सांगते.

नॅशव्हिलहून चॅटनूगाला जाताना मॉन्टीगलचा घाट लागतो. घाट चढून वर आलात की तुम्ही कंबरलंड पठारावर असता, आणि हमरस्ता सोडून थोडं आत गेलं की सेवानी. गाव म्हणजे विद्यापीठ आणि विद्यापीठ म्हणजे गाव. अधिकृत नाव युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ, पण तसं कुणी म्हणत नाही. एपिस्कोपल चर्चच्या बिशपांनी १८५७ मध्ये ते स्थापन केलं, दक्षिणेतल्या मळेवाल्यांच्या, म्हणजे गुलाम बाळगणाऱ्यांच्या पैशावर. यादवी युद्धात सगळं उद्ध्वस्त झालं आणि प्रत्यक्ष वर्ग सुरू व्हायला १८६८ उजाडलं. तेव्हा विद्यार्थी होते नऊ आणि शिक्षक चार. १८९९ पर्यंत विद्यार्थी वाढले होते, तरी आजच्या एखाद्या मोठ्या हायस्कुलात मावतील इतकेच.

या कॉलेजचा संघ त्या वर्षी बारा सामने खेळला आणि बाराही जिंकला. केलेले गुण ३२२, दिलेले १०. बारापैकी अकरा सामन्यांत समोरच्याला एकही गुण मिळाला नाही. त्यातले पाच सामने ९ नोव्हेंबर ते १४ नोव्हेंबर या सहा दिवसांत झाले, घरापासून दूर, पाच वेगवेगळ्या शहरांत. प्रवास आगगाडीनं, सगळा मिळून सुमारे अडीच हजार मैल, म्हणजे चार हजार किलोमीटर.

एवढं ऐकून बहुतेकजण खेळाडूंबद्दल विचारतात. माझे एक मामा मात्र निराळे निघाले. ते सांगलीकडे एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक होते. इकडे आले तेव्हा मी त्यांना सेवानी दाखवायला नेलं आणि वाटेत ही सगळी हकिगत ऐकवली. गुणांचं त्यांना काही वाटलं नाही, खेळ तर त्यांना ठाऊकच नव्हता. थोडा वेळ गप्प बसून त्यांनी एवढंच विचारलं, "वेळापत्रक कुणी बसवलं?"

माझ्या मते नेमका प्रश्न हाच आहे. हा मोसम जितका अकरा खेळाडूंचा आहे, तितकाच किंवा त्याहून जास्त ल्यूक ली नावाच्या एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा आहे. तो मैदानात उतरत नसे. संघाचा मॅनेजर होता, म्हणजे सामने ठरवायचे, पैशांची बोलणी करायची, तिकिटं काढायची, सामान न्यायचं, सगळं त्याच्याकडे.

आणि हा दौरा पराक्रम गाजवायला म्हणून आखलेलाच नव्हता. भांडण झालं म्हणून आखला. सेवानीचा सर्वांत कमाईचा सामना नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्टशी व्हायचा. गेटवर जमलेले पैसे कुणी किती घ्यायचे यावरून दोन्ही कॉलेजांचं बिनसलं आणि १८९९ चा सामना रद्दच झाला. हंगामातली मोठी कमाई गेली. ती भरून कशी काढायची? ज्या गावांत मोठी गर्दी जमेल अशा गावांत जाऊन खेळायचं. पण टेक्ससपर्यंत जायचं तर भाडं मोठं, आणि एका सामन्यासाठी एवढं भाडं परवडणार नाही. मग जाता-येता वाटेत जेवढे सामने बसतील तेवढे बसवायचे. शिवाय मुक्काम जितका लांबेल तितका जेवणाखाण्याचा खर्च वाढणार, म्हणून सामने एकाला एक लागून. हिशेब असा साधा होता. मामांना तो ताबडतोब पटला. "गाडी रिकामी परत आणायची नाही," म्हणाले.

आता त्या काळचा खेळ कसा होता ते सांगायला हवं, नाहीतर पाच सामन्यांचं वजन कळणार नाही. आज टीव्हीवर जे दिसतं, त्यातला निम्मा खेळ तेव्हा जन्मलाच नव्हता. चेंडू पुढे फेकायला परवानगीच नव्हती. ती १९०६ साली मिळाली. आज चेंडू दहा यार्ड पुढे न्यायला चार प्रयत्न मिळतात, तेव्हा पाच यार्डांसाठी तीन मिळत. मैदान १०० नव्हे, ११० यार्डांचं. टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्याच्या टोकाच्या रेषेपार नेल्याचे, गुण पाच, त्यानंतरच्या किकचा एक, आणि मैदानातून थेट खांबांमधून किक मारून केलेल्या फील्ड गोलचेही पाचच. पाच यार्ड मिळवायचे आणि चेंडू फेकता येत नाही, म्हटल्यावर खेळ कसा होणार? माणसांच्या गर्दीतून घुसून. कबड्डीत चढाईला आलेल्याला धरायला बचावाचे गडी हातात हात घालून साखळी करतात ना, तशी साखळी चढाई करणाऱ्याच्याच साथीदारांनी करायची, त्याला मध्ये घ्यायचं, आणि ढकलत, ओढत समोरच्या भिंतीवर जाऊन आदळायचं. ते झालं की उठायचं आणि पुन्हा तेच. बहुतेकांच्या डोक्यावर काही नसे. केस वाढवायचे, म्हणजे तेवढाच डोक्याला आधार. आणि बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत येता येत नसे, त्यामुळे लागलं तरी माणूस बाहेर जायला तयार नसे. चढाईचा संघ वेगळा, बचावाचा वेगळा, ही आजची चैन तेव्हा नव्हती. तेच अकराजण सामनाभर दोन्ही करायचे.

माणसं मरत असत. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. १८९७ च्या ऑक्टोबरात अटलांटात जॉर्जिया आणि व्हर्जिनिया यांच्या सामन्यात रिचर्ड व्हॉन गॅमन हा जॉर्जियाचा खेळाडू डोक्याला मार लागून गेला. जॉर्जियाच्या विधिमंडळानं खेळावर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. मुलाच्या आईनंच पत्र लिहून विनंती केली की माझ्या मुलाचा हा आवडता खेळ त्याच्या नावावर बंद करू नका. गव्हर्नर अ‍ॅटकिन्सन यांनी कायद्यावर सही केली नाही. ती झाली असती तर दोन वर्षांनी, २१ ऑक्टोबर १८९९ ला, सेवानीचा पहिला सामना अटलांटात जॉर्जियाशी झालाच नसता. तो झाला, सेवानीनं १२–० असा जिंकला, आणि एक दिवस सोडून तिथेच जॉर्जिया टेकला ३२–० असं हरवलं. त्या आईच्या पत्राबद्दल काय वाटायला हवं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

घरी परतल्यावर टेनेसी ४६–०, साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियन ५४–०. हे दोन सामने सोडून पुढे जाऊ या.

प्रशिक्षक होते बिली सूटर, प्रिन्स्टनचे. तेव्हा फुटबॉलचं माहेर उत्तरेत होतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही तीन नावं सोडून इतरांना फारसं कुणी विचारत नसे, आणि दक्षिणेतली कॉलेजं तिकडून प्रशिक्षक आणवत. कप्तान हेन्री सीबल्स, अलाबामातल्या माँटगोमरीचा. सगळे त्याला 'डिडी' म्हणत. ऑर्मंड सिम्किन्स मूळचा टेक्ससचा, फुलबॅक, गर्दीत घुसण्यात आणि लांब किक मारण्यात दोन्हीत पक्का. चेंडू वाटणारा 'वॉर्बलर' विल्सन. आणि विल्यम क्लेबोर्न, 'वाइल्ड बिल', ज्याला एका डोळ्यानं दिसत नसे. त्याच्याबद्दल सांगतात की सामना सुरू होताना तो समोरच्या गड्याला आपला निकामी डोळा दाखवायचा आणि हा मागच्या सामन्यात गेला असं सांगायचा. हाच वाइल्ड बिल पुढे पाद्री झाला आणि त्याच डोंगरातल्या गरीब वस्त्यांसाठी आयुष्यभर राबला.

दौऱ्यावर निघाले वीसएकजण, एका पुलमन स्लीपर डब्यातून. सोबत दोन पिंपं पाणी, सेवानीच्या झऱ्याचं. याला लोक हसतात. मी हसत नाही. परगावचं पाणी बाधून पोट बिघडणं हे त्या काळात सामना हरायला पुरेसं कारण होतं, आणि आमच्या घरात तर पंढरपूरला जातानाही आजी घरचं पाणी बरोबर घ्यायची. बूट मात्र राहिले. खेळायच्या बुटांचं गाठोडं सेवानीच्या स्टेशनावरच विसरलं गेलं. लीच्या ते लक्षात आलं तेव्हा गाडी सुटलेली होती. त्यानं मागून येणाऱ्या गाडीनं बूट मागवले आणि सामन्याआधी पोचतील अशी तजवीज केली.

ऑस्टिनला गुरुवारी, ९ नोव्हेंबरला, टेक्सस विद्यापीठाशी पहिला सामना झाला. १२–०. दौऱ्यातला हा अवघड सामना. सीबल्सचं कपाळ फुटलं, त्यावर पट्टी चिकटवली आणि तो खेळत राहिला. रात्री गाडी पकडून ह्यूस्टन. शुक्रवारी टेक्सस ए अँड एम, १०–०. पुन्हा रात्रभर गाडी, साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, आणि शनिवारी न्यू ऑर्लिन्सला ट्युलेनशी सामना, २३–०. तीन दिवसांत तीन. रविवारी खेळायचं नाही, चर्चचं कॉलेज. सोमवारी बॅटन रूजला लुइझिआना स्टेट, म्हणजे आजचं एलएसयू, ३४–०. मंगळवारी मेम्फिसला मिसिसिपी, म्हणजे आजचं ओल मिस, १२–०.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. सेवानीत विकायला असलेल्या टीशर्टांवर या पाच विजयांची यादी असते आणि खाली बायबलच्या धर्तीवर लिहिलेलं असतं की सातव्या दिवशी त्यांनी विश्रांती घेतली. वाक्य झकास आहे, पण तारखा बघा: विश्रांती चौथ्या दिवशी घेतली, सातव्या दिवशी ते घराकडे निघालेल्या गाडीत असतील. मी हे दुकानात बोलून दाखवलं होतं. तरीही टीशर्ट घेतला.

सामन्यांची यादी वाचताना मला ३४ हा आकडा खटकतो. चौथा सामना, अंगात ठणका, आणि तरी दौऱ्यातले सगळ्यात जास्त गुण त्या दिवशी. रविवारच्या एका दिवसानं एवढा फरक पडला असेल का? की समोरचा संघ कच्चा होता? दोन्ही थोडंथोडं असावं. पण मंगळवारी, आदल्या दिवशी सामना खेळून सहाशे किलोमीटर गाडीत काढून, मेम्फिसला जिंकणं, हे मला ऑस्टिनपेक्षाही मोठं वाटतं. दमलेला संघ गुण करू शकतो, त्याला चार चांगल्या चढाया पुरतात. दमलेल्या संघाला समोरच्याला शून्यावर ठेवणं जमत नाही, कारण बचावात एकानं क्षणभर अंग चोरलं तरी भिंत फुटते. पाच सामन्यांत मिळून एकही गुण दिला नाही, हा दौऱ्यातला खरा आकडा.

या डब्यात आणखी एक माणूस होता, ज्याचं नाव सांगायचं राहून जातं: कॅल बरोज. हा संघाचा ट्रेनर, कृष्णवर्णीय. रात्री गाडी धावत असताना ठेचलेले पाय आणि खांदे चोळून, मळून दुसऱ्या दिवसासाठी उभे करायचे, हे त्याचं काम. हा प्रवास कुठल्या काळातला आहे ते आठवा. आगगाडीत गोरे आणि काळे वेगळे बसवणं घटनेला धरूनच आहे असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १८९६ मध्ये दिला होता, आणि तो खटला लुइझिआनातलाच, ज्या राज्यातून हा डबा फिरला. सेवानीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळायला विसाव्या शतकाचा मध्य उलटावा लागला. बरोजनं ज्या खेळाडूंना उभं केलं, त्यांच्या शेजारी बाकावर बसून शिकणं त्याच्या नशिबात नव्हतं. अकरा पोलादी माणसांची गोष्ट सांगताना पोलाद रात्री कोण तापवत होतं तेही सांगावं, असा माझा हट्ट असतो.

परत आल्यावर कंबरलंड विद्यापीठाला ७१–० हरवलं. हे कंबरलंड लक्षात ठेवा. १९१६ साली जॉर्जिया टेककडून २२२–० हरून कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा पराभव नावावर लावून घेणारं कॉलेज तेच, आणि त्या दिवशी जॉर्जिया टेकचा प्रशिक्षक होता जॉन हाइझमन. ज्याच्या नावाची हाइझमन ट्रॉफी आज दर वर्षी सर्वोत्तम खेळाडूला देतात, तोच.

हा हाइझमन १८९९ मध्ये ऑबर्नला होता, आणि सेवानीचा मोसम जर कुठे संपायचा असता तर तो त्याच्या हातून. ३० नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगचा गुरुवार, माँटगोमरी. हाइझमनचा संघ वेगळाच खेळायचा. एक डाव संपला की समोरचे उठून उभे राहायच्या आत पुढचा सुरू. सेवानीची ताकद माणसं रेटण्यात होती. ऑबर्न त्यांना रेटायला वेळच देईना. ज्या बचावानं दहा सामन्यांत काही दिलं नव्हतं, त्याच्यावर ऑबर्ननं दहा गुण केले. सेवानीचे झाले अकरा. पाचाच्या पटीत गुण मिळणाऱ्या त्या खेळात ११–१० चा अर्थ असा की पाच-पाच गुणांच्या चढाया दोघांनी सारख्याच यशस्वी केल्या, फरक पडला टचडाउननंतरच्या एका किकनं. ऑबर्न त्या दिवशी वरचढ होतं असं मानणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. हाइझमन तर चिडून पंचांच्या निर्णयांविरुद्ध वर्तमानपत्रांत लिहिता झाला.

मला हा सामना पाचांच्या दौऱ्याहून जास्त आवडतो. दौऱ्यात सेवानी दमली होती, पण हरेल असं कुठे वाटत नाही. इथे वाटतं. एका गुणानं वाचलेला संघच अजिंक्य म्हणून ओळखला जातो हे खेळाच्या इतिहासात पुष्कळदा घडलंय, फक्त नंतर आपण '१२–०', म्हणजे बारा विजय, शून्य पराभव, एवढंच लिहितो.

आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, २ डिसेंबरला, अटलांटात नॉर्थ कॅरोलायना. ५–०, एका किकवर. मोसम संपला.

आता तुमचा आक्षेप, जो दर वेळी येतो आणि रास्त आहे: समोरचे संघ तरी काय दर्जाचे होते? टेक्सस, ए अँड एम, एलएसयू, जॉर्जिया, ऑबर्न ही नावं ऐकून आज छाती दडपते, कारण आपल्या डोळ्यांसमोर आजची लाखभर प्रेक्षकांची मैदानं येतात. १८९९ मध्ये ही सगळी कॉलेजंही लहानच होती आणि त्यांच्याकडे फुटबॉल येऊन जेमतेम काही वर्षं झाली होती. सेवानीला स्वतःलाही: पहिला सामना १८९१ चा, व्हँडरबिल्टशीच, आणि तो ते हरले होते. उत्तरेत त्याच वर्षी हार्वर्ड अकरा सामन्यांत अपराजित राहिलं, फक्त येलशी शून्य-शून्य बरोबरी झाली, आणि राष्ट्रीय विजेते म्हणून नंतर नोंदलं गेलं ते हार्वर्ड. सेवानी त्यांच्याशी कधी खेळलीच नाही. खेळली असती तर? मी पैज लावणार नाही. तेव्हा 'सगळ्यात भारी' हे मी सिद्ध करू शकत नाही, आणि कुणी हटून बसलं तर अलाबामाचं नाव मान्य करून लाडू घेते. पण जे या संघानं केलं ते आणखी कुणी करणार नाही, यावर मात्र मी हटते. आजचे खेळाडू ताकदीनं, वेगानं त्यांच्या कितीतरी पुढे आहेत. आजच्या एका फळीनं १८९९ च्या अकराजणांना पाचोळ्यासारखं उडवलं असतं. पण आज सहा दिवसांत पाच सामने लावायला कुठला डॉक्टर सही करेल? कुठलं विद्यापीठ ती जोखीम घेईल? ते व्हायला नकोच.

कारण किंमत मोजली गेली. सिम्किन्सचे पुढे दोन्ही पाय कापावे लागले आणि १९२१ साली तो गेला, चाळिशीच्या आसपास. फुटबॉलच्या दुखापतींनीच ते झालं असं सांगितलं जातं. सीबल्स दीर्घायुषी झाला, आणि १९७३ मध्ये कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं. एकाच डब्यातले दोघे.

आणि ल्यूक ली? त्याला स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. १९०७ मध्ये त्यानं नॅशव्हिलला वर्तमानपत्र काढलं. आज आमच्या दारात पडतं ते 'द टेनेसियन' तेच. एकतिसाव्या वर्षी तो टेनेसीतून सेनेटवर निवडून गेला. पहिल्या महायुद्धात तोफखान्याच्या पलटणीचा कर्नल झाला. युद्ध संपल्यावर जर्मनीचा कैसर विल्हेल्म हॉलंडमध्ये आश्रयाला होता. जानेवारी १९१९ मध्ये ली आपल्या टेनेसीच्या काही सोबत्यांना घेऊन मोटारींतून, तो राहत होता त्या आमेरोंगेनच्या वाड्यावर थडकला, कैसरला उचलून पॅरिसला आणायचं म्हणून. कैसर भेटायला आला नाही, डच सैनिक बाहेर गोळा व्हायला लागले, आणि मंडळी हात हलवत परतली. अगदी रिकामे हात म्हणता येणार नाही, एकानं आठवण म्हणून अ‍ॅशट्रे खिशात घातला होता. सैन्यानं कोर्ट मार्शल केलं नाही, फक्त लेखी समज दिली. मामांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "परतीची गाडी आधी ठरवली होती का?" ठरवली होती. पुढे मंदीच्या काळात बँकेच्या गैरव्यवहारात लीला शिक्षा झाली, नॉर्थ कॅरोलायनाच्या तुरुंगात दोन वर्षं काढली, नंतर माफी मिळाली. सामने, वर्तमानपत्र, सेनेट, कैसर, बँक: मला तरी या सगळ्यामागे तोच वीस वर्षांचा मॅनेजर दिसतो, ज्याला वाटायचं की वेळापत्रक बसवलं की काहीही जमतं.

सेवानीचं पुढे काय झालं, हेही लोक विचारतात, कारण आज हे नाव कुठे ऐकू येत नाही. १९३२ मध्ये एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स), म्हणजे दक्षिणेतल्या विद्यापीठांची आपसात सामने खेळणारी संघटना, स्थापन झाली, आज जिच्या सामन्यांच्या प्रक्षेपणासाठी टीव्हीवाले अब्जावधी डॉलर मोजतात ती. स्थापनेच्या तेरा सभासदांत सेवानी होती. १९३३ ते १९४० या आठ मोसमांत एसईसीतले ३७ सामने सेवानी खेळली आणि सदतीसही हरली. इतर विद्यापीठं वाढली, राज्यांचा पैसा त्यांच्याकडे आला, खेळाडूंना शिष्यवृत्त्या देऊन आणणं सुरू झालं. डोंगरावरच्या लहानशा कॉलेजला ते झेपेना. कुलगुरू अलेक्झांडर गेरी यांनी १९४० साली एसईसीतून अंग काढून घेतलं आणि पुढे खेळासाठी शिष्यवृत्ती हा प्रकारच बंद केला. आज सेवानी तिसऱ्या श्रेणीत खेळते, जिथे खेळण्याबद्दल शिष्यवृत्ती मिळत नाही. सभासदत्व टिकवलं असतं तर केवढा पैसा मिळाला असता, असा हिशेब कुणीतरी माझ्यासमोर मांडतोच. मांडू द्या. गेटच्या पैशावरून सुरू झालेली गोष्ट आहे, पैशाचा हिशेब निघणारच.

बघायला जायचं असेल तर ऑक्टोबरातला शनिवार धरा, पठारावर पानगळीचे रंग असतात आणि संघही घरी खेळत असतो. मैदान झाडीत आहे, पार्किंगला मारामारी नाही, आणि सामना बऱ्यापैकी हरतातही. १८९९ चे पाच आकडे पाठ करून जा: बारा, दहा, तेवीस, चौतीस, बारा. तिथे म्हणून दाखवलेत तर ओळख लगेच होते. फक्त सोबत कुणी ऑबर्नला शिकलेलं असेल तर पंचांचा विषय काढू नका.